पांढरीशुभ्र चकती

मी डॉक्टर नव्हतो. लहान मुलांच्या दम्यावर संशोधन करत होतो, म्हणजे वही, घड्याळ आणि एक खोकं घेऊन शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर मोटारसायकल हाणत होतो. पण लोक डॉक्टर म्हणायचे आणि आठवड्याभरात मी ते खोडून काढायचंही सोडलं. ऐकायला बरं वाटायचं, काय सांगू.

खोकं म्हणजे हवा ओढणारा पंप. चुलीच्या वर टांगून दिवसभर चालू ठेवायचा. आत कागदाची पांढरी चकती असायची. घरात जितका धूर, तितकी ती काळी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिरूरच्या अलीकडे एका वस्तीवर पाच वर्षांची एक मुलगी होती. श्वास घेतला की तिच्या छातीत पिपाणी वाजायची. तिच्या घरी खोकं टांगताना मी तिच्या आजीला बजावलं, "मावशी, परदेशातून आलंय. जपा हं, पुण्यातसुद्धा दुसरं मिळायचं नाही." पुण्याची थाप उगाच मारली. ऑफिसात आणखी चार पडली होती.

दुसऱ्या दिवशी चकती काढली तर पांढरीशुभ्र. चुलीत तुरकाट्या आणि गोवऱ्या जळत, वरचे पत्रे डांबरासारखे काळे झालेले. कुणीही मान वर केली असती. मी चकतीकडे बघत बसलो आणि अंगणात जाऊन जाहीर केलं, "तुमच्या घरात धूर जवळजवळ नाहीच. पोरीच्या दम्याचं कारण दुसरं काहीतरी आहे."

पोरीची आई हळूच म्हणाली, "मग थंडीचं हिला चुलीपाशी निजवू का? लई काकडती."

"खुशाल निजवा."

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. मधे पोरीला शिरूरच्या दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. आता ती घोंगडीवर बसून होती आणि दर श्वासाला तिच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. घरातले सगळे आईवर तुटून पडले होते. हिनंच दही चारलं, हिनंच गार पाण्यात खेळू दिलं.

मी खोकं टांगून निघालो. पेन विसरलं म्हणून परत आत आलो, तर आजी स्टुलावर चढून जुन्या धोतराची चौपदरी घडी खोक्याला गुंडाळत होती.

"मावशी, हे काय?"

"धुरानं काळं हुईल की, बाबा. तुमीच म्हनलात जपा."

"मागच्या वेळीपण बांधलं होतं?"

"व्हय तर. तुमी यायच्या आदी सोडलं. का, डाग पडला का काय?"

"नाही. तोच घोटाळा झाला."

वहीत 'यंत्रात बिघाड' एवढं लिहून सटकता आलं असतं. पेनही हाती आलं होतं. मी चुलीपुढे बसलेल्या आईला सगळं सांगितलं. भाकरी थापणारे तिचे हात थांबले.

"म्हंजी धूरच व्हता."

"हो, ताई."

"मला वाटत व्हतं. चूल पेटली की खोकायची. पर तुमचं मशीन न्हाई म्हनलं." तिनं हाताचं पीठ झटकलं. "हे मला एकटीला सांगून काय उपेग? भाईर बसल्यात त्यास्नी सांगा."

बाहेर ओट्यावर तिचे सासरे बसले होते. नवरा रांजणगावच्या कंपनीचा ड्रेस घालून बूट चढवत होता. बस यायची वेळ झाली होती. मी उभ्यानंच सांगितलं. पोरीला चुलीचा धूर बाधतोय. मशीन झाकलेलं होतं, आणि मावशींनी ते झाकलं कारण मी त्यांना भीती घातली होती. चूक माझी.

सासरे म्हणाले, "एवढं शिकून तुमास्नी चूल दिसली न्हाई व्हय?"

"नाही दिसली, आबा."

नवरा खाली मान घालून नाडी बांधत होता. मला वाटलं, संपलं. मी किक मारायला वळलो, तर आई दारात उभी होती.

"अजून एक ऱ्हायलं," ती म्हणाली. "चुलीपाशी निजव म्हनला व्हतात. ते सांगा."

मी तेही सांगितलं. नवरा नाडी तशीच सोडून आत गेला आणि चुलीजवळचं पोरीचं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन आला.