पाय देवाकडे होतात!

"अहो, खुर्ची मागे झुकवतेय."

"नको. पाय देवाकडे होतात."

चारकोपच्या त्या वनरूम-किचनमध्ये श्यामकांतांच्या व्हीलचेअरचं तोंड कुठेही करा, पाय कुणाच्या ना कुणाच्या दिशेनं व्हायचेच. समोर देव्हारा. उजवीकडे वडिलांचा फोटो. डावीकडे दार, म्हणजे आल्यागेल्याचा अपमान. उरली भिंत, तर "भिंतीकडे तोंड करून बसायला मी काय वर्गातला ढ मुलगा आहे?" जन्म हेडक्लार्कीत गेलेला. ताठ बसतो तो साहेब, रेलतो तो कामचुकार, हा त्यांचा नियम. जिन्यावरून पडले नि कमरेखालचं अंग गेलं, नियम मात्र शाबूत. रेवती बायको असूनही त्या कचेरीतून तिची काही सुटका नव्हती.

फिजिओथेरपिस्ट माधुरीनं तरी किती समजवावं? "काका, ताठ बसलं ना की सगळं वजन बैठकीवर. तिथलं रक्त अडतं, नि तुम्हाला कळतच नाही. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासानं सीटसकट मागे झुकायचं, वजन पाठीवर जातं. आणि काकू, नुसती पाठ पाडू नका हं, काका घसरतात, कातडी ओढली जाते." श्यामकांत "हो, हो" म्हणाले होते. साहेबासमोर म्हणायचे तसं, म्हणजे काही न करण्याच्या बोलीवर.

आणि आज अंघोळीच्या वेळी रेवतीला माकडहाडाशी लाल डाग दिसला. बोटानं दाबला, पांढरा होईना. माधुरी फोनवर म्हणाली, "जखमेची सुरुवात आहे काकू. आज कुशीवरच ठेवा. बसवलंच तर अगदी थोडा वेळ, तेही झुकवून. फुटलं तर महिनोन् महिने अंथरुणात."

"मला तर काही दुखत नाही," श्यामकांत म्हणाले.

"दुखलं असतं तर बोंबलत का होईना, ऐकलं असतंत!"

संध्याकाळी मुलुंडहून त्यांची थोरली बहीण आली, माणिकवन्सं. झालं. "ताईसमोर आडवा? बसव मला." रेवतीनं दात-ओठ खात बसवलं.

"अगंबाई, श्याम, कसा रे ताठ बसलायस!" वन्संनी हेल काढला. "नाहीतर आमच्या बिल्डिंगमधले ते बापट, पार घडी झालीय त्यांची."

श्यामकांत आणखी ताठ झाले. रेवतीचं डोकं सणकलं. तिनं मागचा खटका दाबला नि खुर्ची झुकवली. पाय उठले ते थेट वन्संच्या नाकासमोर.

"अगं, अगं! ताईकडे पाय!"

"हे काय गं रेवती? मोठ्या बहिणीला पाय दाखवायचे?"

"वन्सं, तुमच्यासाठीच ताठ बसले होते! खाली कातडी फाटायला आलीय, पण मान राहिला पाहिजे! तुम्हाला नि देवाला सांभाळता सांभाळता यांना हॉस्पिटलात टाकू का मी?"

श्यामकांतांनी नजर छताकडे वळवली. मग वन्संनी प्लॅस्टिकची खुर्ची फरफटत भावाच्या उशाशी नेली.

"हं, इथे कुठे आले तुझे पाय? बोल आता. आणि देवाचं म्हणशील तर त्याला दिसतंय सगळं." मग वाकून बघत, "पण काय रे, एवढं टक्कल कधी पडलं?"

रेवतीनं चहा ठेवला. चहा झाला की परत कुशीवर घालायचं, तेही वन्संनाच मदतीला घेऊन.

"रेवती," खोलीतून आवाज आला, "या पंख्यावर किती धूळ आहे, कल्पना आहे का तुला?"