हिंके मावशीची वीट

हिंके मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न, हॉलंडमधल्या हार्लिंगेन गावच्या वृद्धाश्रमात चादरी-टॉवेल धुते. तिच्याबद्दल मला आत्ताच्या आत्ता लिहायचंय, कारण घरात सगळे म्हणतायत हिंकेचं डोकं फिरलं. नाही फिरलं! मी होते तिथे.

नवरा मेल्यावर दोन वर्षांनी ती मला म्हणाली, "आफके, सुट्टी आहे ना? पाठीवर पिशव्या टाकू नि आपलाच देश बघू. मी झ्वोलेच्या खाली कधी गेलेच नाहीये."

झ्वोले, डेव्हेंटर, उट्रेख्त, गाउडा. सगळं काटकसरीत. बाकावर बसून काळा पाव नि चीज, नळाचं पाणी, आणि झोपायला कुणाच्यातरी घरातली रिकामी खोली, पायी किंवा सायकलवर येणाऱ्यांना लोक स्वस्तात देतात तशी. सकाळी मावशी पलंगावरची चादर काढून घडीच घालायची.

"अगं राहू दे की!"

"गप बस. हात शिवशिवतात माझे."

गाउड्याला तिच्या टाचेवरचा फोड मी सुईनं फोडत होते, तेव्हा ती अचानक बोलायला लागली. तिच्या नवऱ्यानं, डाउवे काकानं, तिला बावीस वर्षं मारलं. लाथा, पट्टा, एकदा बटाटे ठेचायच्या दांड्यानं गळ्याचं हाड मोडलं. आणि कुठे, तर रस्त्याकडच्या खोलीत, मोठ्या खिडकीसमोर. पडदा ओढायचा नाही, कारण पडदा ओढला की लोकांना वाटतं काहीतरी लपवतायत.

"पोस्टमन जायचा, पाद्री जायचा. तुझी आईसुद्धा गेली एकदा."

माझ्या हातातली सुई थांबली.

"दुसऱ्याच्या खिडकीत बघायचं नसतं ना. सगळे नाकासमोर बघत गेले. एकानं, आफके, एकानं जरी मान वळवली असती ना, मी त्याच दिवशी चालू पडले असते."

दुसऱ्या दिवशी डोर्डरेख्त. संध्याकाळचे सहा, घराघरात जेवणं चाललेली. गल्ली उकरून ठेवलेली, वाळू नुसती, नि कडेला रस्त्याच्या विटा रचलेल्या. मुक्कामाचं घर पुढेच होतं. आणि डाव्या हाताच्या खिडकीत एक माणूस एका बाईचे केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटत होता. एक. दोन. तीन. ताटातले बटाटे लाल झाले होते.

समोरून एक जोडपं कुत्रा घेऊन आलं. दोघं कुत्र्याकडे बघत निघून गेले. आणि खरं सांगते, मीही मान फिरवली. "मावशी, चल ना," म्हणाले मी. मी!

मावशीनं वीट उचलली नि फेकली.

काच अख्खी आत कोसळली. शेजारचा म्हातारा धावत बाहेर आला. "ओ बाई, वेड लागलंय का? लोकांची खिडकी फोडता? नीट वागा!"

"बावीस वर्षं वागले नीट!" मावशी किंचाळली. "बघा ना आत! बघा!"

तो माणूस दारातून आला नि सरळ मावशीच्या जबड्यावर ठोसा. ती वाळूत पडली, तर बरगडीत लाथ. मी त्याच्या पाठीवर चढून कान चावला, रक्त तोंडात येईपर्यंत सोडला नाही. त्यानं मला विटांवर आदळलं, माझं डोकं फुटलं. म्हातारा ओरडत होता, "पोलिसांना बोलावलंय मी! खिडकीसाठी!"

मावशीनं दात थुंकले. म्हाताऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती ती. फुटक्या खिडकीत ती बाई उभी होती, नाकातून धार लागलेली.

"पोरी, बूट घाल!" मावशी ओरडली. "बूट घाल नि बाहेर ये! मी बघितलंय तुला!"

बाई हललीच नाही. मग खिडकीतून दिसेनाशी झाली. संपलं, मला वाटलं. आत जाऊन काचा भरेल आता.

ती दारात आली. बूट घातलेले, नाड्या लोंबतायत.

"आत हो!" तो गरजला, नि तिच्याकडे वळला. मावशीनं दोन्ही हातांनी त्याचा पाय कवटाळला. त्यानं दुसऱ्या पायानं तिची बोटं चिरडली. हाडं वाजलेली मी ऐकली. पुन्हा चिरडली. ती सोडेना. तो तिला वाळूतून फरफटवत दोन पावलं गेला, ती सोडेना.

बाई आमच्या बाजूनं गेली. थांबली नाही, मावशीकडे वळूनही पाहिलं नाही. नुसती भराभर चालत राहिली, मग पळायला लागली, आणि कोपऱ्यावरून वळली.

तेव्हा मावशीनं पाय सोडला.