खरे आणि पहिले लाजाळू सर

आमच्या लाजाळू सरांना हात लावला की ते मिटत. ही अलंकारिक भाषा नव्हे. खांद्याला नुसतं बोट लागलं, की आधी मान आत जायची, मग कोपरं बरगड्यांना चिकटायची, गुडघे एकमेकांना भेटायला यायचे आणि सहा फुटांचा हा गृहस्थ बघता बघता घडीच्या छत्रीएवढा व्हायचा. वर ‘ही ही ही’ असा, शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा आवाज. पुन्हा पुरतं उघडायला त्यांना एक कप चहा लागत असे.

गुदगुल्या, दुसरं काही नाही. सगळ्या सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याच्या गुदगुल्या देवानं या एकाच माणसात भरून टाकल्या होत्या. शिंपी त्यांचं माप सावलीवरून घ्यायचा. त्यामुळे सकाळी माप घेतलेले शर्ट गुडघ्यापर्यंत येत आणि भर दुपारी घेतलेले बेंबीच्या वरच राहत. लस टोचून घेताना ते असे काही हसले, की आत फुकटचं नाटक चाललंय असं समजून रस्त्यावरची माणसंही रांगेत घुसली आणि टोचून घेऊन गेली. सरांचं लग्न का झालं नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही. पाणिग्रहण या शब्दातच अडचण होती.

आणि हा माणूस आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, आणि संशोधन कशात करायचा, तर स्पर्शात! यंत्राच्या बोटाला हातातलं अंडं आणि दगड यातला फरक कळावा, कृत्रिम कातडीला चटका समजावा, यासाठी जगात जे जे सेन्सर निघतात त्यांच्या मागावर सर. टेबलावर लाजाळूचं रोप असलेली कुंडी. “अहो मेकॅनिकल,” ते मला म्हणत. मी मेकॅनिकल विभागात होतो आणि सरांच्या डोक्यात माणसांची नावं राहत नसत. “ही बघा, जगातला पहिला टच सेन्सर. पेटंट मात्र नाही. का? तर हिनं अर्ज केला नाही!”

पेटंट कार्यालयाचं जर्नल शुक्रवारी निघतं. घरोघरी पंचांग बघतात तसं सर ते बघत. दुपारच्या चहाला स्टाफरूममध्ये आम्ही त्यांच्याभोवती जमायचो आणि भविष्य विचारायचो.

“बोटांचं काय म्हणताय, सर?”

“बोटं उतरली. मागं जो उठला तो रोबोटची बोटं करत होता. आता कातडीचे दिवस आलेत. ताणली तरी फाटू नये, घामात बिघडू नये. चीनवाल्यांनी कातडीचा नुसता ढीग घातलाय. जपानी लोक तळहातावर बसून आहेत.”

“आणि आपल्याकडं?”

“आपल्याकडं शीर्षकाला तेजी आहे,” सर चहाचा घोट घेऊन म्हणाले. “नाव लांब ठेवलं की वस्तू करायची गरज उरत नाही.”

हे ते अधिकारवाणीनं सांगत, कारण या तेजीत त्यांनीही हात धुऊन घेतले होते. ‘मानवी पाठीच्या दुर्गम भागासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित बहुस्तरीय स्पर्शसंवेदी प्रणाली’ हा त्यांचा गाजलेला अर्ज. पाठ खाजवायच्या काठीला घड्याळाचा सेल बांधला होता.

यात सरांचा दोष निम्माच. उरलेला निम्मा आमच्या अध्यक्षांचा. कॉलेजला दर्जा देणारी समिती येणार, ती पेटंट मोजणार, असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक विभागानं रतीब घातल्यासारखी पेटंट घालायची, असा हुकूम निघाला. पहिला अर्ज जर्नलमध्ये छापून आला तेव्हा गेटवर सरांच्या फोटोचं भलंमोठं फ्लेक्स लागलं: ‘पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ सर घाबरे होऊन अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले.

“साहेब, मिळालं नाही. नुसता अर्ज छापून आलाय. त्याची तपासणी व्हायची, हरकती यायच्या, मग मिळालं तर मिळालं. ही लग्नपत्रिका छापली, साहेब. लग्न लागायचंय अजून.”

“पत्रिका छापली न्हवं?” अध्यक्ष म्हणाले. “मग जेवान घालून टाका की!”

त्या दिवशी सगळ्या कॉलेजला गुलाबजाम होते. पुढे पत्रिका छापत राहिल्या, गुलाबजाम होत राहिले, लग्न एकही लागलं नाही. हरकतींना उत्तरं द्यायची असतात, हे कॉलेजात सर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि काठीच्या बाजूनं काय उत्तर द्यावं हे सरांनाही सुचत नव्हतं.

अर्जावर शोधकांची नावं म्हणजे तर लग्नातली आहेराची पाकिटं. जो समोर येईल त्याला एक. अध्यक्षांचा मेहुणा, लायब्रेरियन, कँटीनवाला, सगळे कशाचे ना कशाचे शोधक. मी स्वतः ट्रॅक्टरच्या एका संवेदनशील सीटचा सहशोधक आहे. ती सीट मी अजून पाहिलेली नाही, पण तिच्याविषयी तासभर बोलू शकतो. ही नावं घुसत कशी, तर अध्यक्षांना काही हवं असलं की ते खांद्यावर हात ठेवत. त्यांची राज्य करायची पद्धतच ती. हात ठेवला की सर मिटत, मान आत जाई, आणि अध्यक्ष म्हणत, “बघा, सरांनी मान डोलावली.”

या सगळ्या भंपकपणात सरांनी एक वस्तू मात्र खरी केली, आणि ती कॉलेजसाठी नव्हे, आईसाठी.

सरांच्या आई अक्कलकोटकडच्या. निम्म्या मराठीत, निम्म्या कानडीत आणि पूर्ण आवाजात बोलणाऱ्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या तळव्यांतली जाणीव गेली होती. एका उन्हाळ्यात त्या कुरडया घालायला अनवाणी गच्चीवर गेल्या. सोलापूरचा मे महिना! अंडं फोडलं तर गच्चीवर आम्लेट व्हावं. कुरडया घालून, गाणं म्हणत खाली आल्या, तेव्हा दोन्ही तळवे भाजून फोड आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. पायऱ्या ओल्या कशानं झाल्या, म्हणून त्या विचारत होत्या.

सरांनी त्यानंतर पाठीच्या काठ्या बंद केल्या. शुक्रवारचं जर्नल तेवढं बघायचे. कॉलेज सुटलं की घरी चपलेत मान घालून बसायचे. शेवटी चप्पल झाली. तळाशी पातळ संवेदी कातडी. खाली खडा आला, चटका बसला, कुठं जास्त दाबलं, की चप्पल ‘टीं टीं’ वाजायची. एकच घोटाळा झाला. कशाला किती वाजायचं, हे सरांनी स्वतःच्या तळव्यांवरून ठरवलं होतं. महाराष्ट्रातले सर्वांत हळवे तळवे ते! त्यामुळे तांदळाचा दाणा आडवा आला तरी चप्पल किंचाळायची.

“अय्यो, डिट्टो तुझ्यासारखीच की रे ही,” आई म्हणाल्या. “काय लागायच्या आधीच ओरडायलीय!” पण चप्पल त्यांनी काढली नाही. पायांना पुन्हा फोड आले नाहीत.

ही बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांच्या चिरंजीवांना त्याच सुमारास कॉलेजचे संचालक व्हायचं होतं, आणि नावापुढं लावायला काहीतरी हवं होतं.

“सर, ती चप्पल लई भारी हाय म्हणं,” अध्यक्ष म्हणाले. “अर्जावर पैलं नाव आमच्या चिरंजीवाचं टाका. तुमचं मागं ऱ्हाऊ द्या की.” आणि खांद्यावर हात. सर मिटले. अध्यक्षांनी होकार धरला आणि सत्काराचा दिवस ठरवून टाकला.

सर स्टाफरूममध्ये येऊन बसले. चहा पिऊनही उघडेनात. “मेकॅनिकल, आजवर नावं वाटली, कारण वस्तूच नव्हती. ही वस्तू आहे हो. आईच्या पायात आहे.”

“मग नाही म्हणा की, सर!”

“म्हणायला तोंड लागतं. त्यांनी हात ठेवला की माझं तोंड पोटात जातं.”

सत्काराला मांडव घातला होता. स्टेजवर झेंडूच्या पाकळ्या, पुण्याहून आलेले पाहुणे, समोर सगळं कॉलेज. चिरंजीव सरांकडून करवून घेतलेला चपलेचा दुसरा जोड घालून ऐटीत चालू लागले. पहिल्याच पाकळीवर पाय पडला आणि चप्पल बोंबलली. दुसऱ्या पावलाला आणखी बोंबलली. चिरंजीव टाचांवर चालू लागले, मग चवड्यांवर, मग एका पायावर. मागच्या बाकांवरून पोरं ओरडली, “नाच बे, नाच!”

“ही का वाजतेय?” पाहुण्यांनी विचारलं.

“ते... ब्लूटूथ आहे,” चिरंजीव म्हणाले.

अध्यक्ष चपळाईनं उठले. सरांना माइकपाशी आणलं. “चिरंजीवानं ह्यो शोध कसा लावला, ते आमचे सर सांगतील.” आणि ठेवला खांद्यावर हात.

सर मिटू लागले. मान गेली, कोपरं गेली, गुडघे भेटले. झालं, संपलं, असं मी मनात म्हटलं. पण त्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम जेमतेम साडेचार फुटांच्या होत्या आणि माइक त्यांच्या उंचीला लावलेला होता. सर मिटले ते थेट माइकसमोर.

“ही ही ही... अर्जात लिहावं लागतं... ही ही... खरा आणि पहिला शोधक... चिरंजीव पहिले होतील... ही ही ही... पण खरे... खरे कसे होणार, साहेब? ही ही... ती वाजते, कारण ती... ही ही... माझ्या पायावर बेतलीय... आणि केलीय माझ्या आईसाठी!”

मांडव हसून लोळला. इतका विनोदी वक्ता कॉलेजनं पाहिला नव्हता. पाहुणे डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. अध्यक्षही हसत होते. मध्येच अर्थ कळला तसा त्यांचा चेहरा उतरला, पण हात काढता येईना. समोर फोटोग्राफर ओरडत होता, “साहेब, हात तसाच, हात तसाच!” आणि हात होता तोवर सर बोलत राहिले. पाठीच्या काठीपर्यंत सगळं सांगून झालं.

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात सरांना एकही तास नव्हता. त्यांनी कुंडी उचलली आणि घरी गेले. अर्ज एकट्याच्या नावानं केला, हरकती आल्या त्यांना एकट्यानं उत्तरं दिली, आणि यथावकाश ते लग्न खरोखर लागलं. गेटवर फ्लेक्स नाही, गुलाबजाम नाहीत. आईंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, जेवायला मी एकटा.

सगळ्या कॉलेजात सरांना सर्वांत जास्त गुदगुल्या कुणी केल्या असतील, तर मी. येता-जाता बरगडीत बोट घालायचं आणि छत्री मिटताना बघायची, ही माझी करमणूक होती. गेल्या महिन्यात दिवसभर बूट घालून हिंडलो. संध्याकाळी बायको फरशीकडे बघून किंचाळली. बुटातला खिळा दिवसभर माझ्या तळव्यात होता. मला वाटलं होतं, मोजा ओला झालाय.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. त्यांनी माझा चांगला पाय स्टुलावर घेतला. चप्पल बेतायच्या आधी तळवा तपासावा लागतो म्हणाले. “डोळे मिटा, मेकॅनिकल. हात लागला की सांगा.”

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ काहीच होईना. म्हटलं, जन्मात कुणाला हात न लावलेला माणूस, याचा धीर होत नसणार. मला हसू आवरेना.

“काय सर, लाजताय काय अजून? लावा की हात!”

खालून आवाज आला, “केव्हाचा लावलाय.”