अकोल्यातला ओटीपी

वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, कितीतरी पोरांच्या जर्नलवर सह्या केल्या, पण "या विद्यार्थिनीचं नाव निघताच तुमच्या मनात येणारे पहिले तीन शब्द लिहा" असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. हा प्रश्न अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फॉर्मवर होता. ज्या मुलीसाठी तो भरायचा, ती माझ्या बारावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, चांगले मार्क घ्यायची आणि तोंड उघडायची नाही. माझ्या मनात पहिला शब्द आला, "हजर". दुसरा सुचेना.

ती वलगावची. आईवडील भाजीपाला आणि थोडी फुलं पिकवत आणि अमरावतीच्या बाजारात आणून विकत. एके दिवशी तास संपल्यावर ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, मी अमेरिकेतल्या सहा कॉलेजात अर्ज करून राहिली. दोन सर नाही म्हणाले. तुमी द्याल का लेटर?"

"अमेरिकेत? आणि खर्च?"

"काही कॉलेजं सगळा खर्च देतात मॅडम. ज्यायले घेतात त्यायले."

पुढच्या तासाची घंटा झाली होती म्हणून मी "हो" म्हटलं. विचार करायला पाच मिनिटं मिळाली असती तर कदाचित नाही म्हणणारी तिसरी मीच ठरले असते.

फॉर्म उघडला आणि डोकं फिरलं. शाळेचा समुपदेशक कोण? आमच्याकडे असं कोणी नाही. प्राचार्य म्हणाले, "तुम्हीच व्हा." झाले. मग चौकटी. तुमच्या सगळ्या कारकिर्दीत भेटलेल्या विद्यार्थ्यांमध्ये ही कुठे बसते? जिज्ञासा, पुढाकार, अपयशाला तोंड देण्याची तयारी, प्रत्येकापुढे एक खूण करा. एकशे वीस पोरांच्या वर्गात हजेरी घेईपर्यंत दहा मिनिटं जातात. कोण अपयशाला कसं तोंड देतं हे मी कधी पाहणार? ऑफिसातल्या बाबूंना विचारलं तर त्यांनी बोनाफाईड आणि चारित्र्याचा दाखला पुढे केला. "शिक्का मारून देतो मॅडम, होते काम." मी त्यांना समजावत बसले नाही.

तरी कसंबसं ते भरलं आणि माझ्या खाजगी ईमेलवरून पाठवलं. दोन दिवसांत एका विद्यापीठाचं उत्तर आलं, कागदपत्रं कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरूनच यायला हवीत. कॉलेजला अधिकृत पत्ता होता, पण पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. नवा करायचा तर ओटीपी लागणार, आणि तो जात होता निवृत्त झालेल्या बडेबाबूंच्या, म्हणजे आमच्या जुन्या हेडक्लार्कच्या, मोबाईलवर. बडेबाबू आता अकोल्याला राहत होते.

मी फोन केला. "ओटीपी कोनालेच सांगाचा नाही, बँकवाले रोज सांगतात," असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. मग प्राचार्यांनी केला. त्यांनाही तेच. वर म्हणाले, "आजकाल प्रिन्सिपॉलच्या आवाजातबी फसवतात." कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन कोणीतरी समक्ष यावं, मग पाहू.

मुदत संपायला आठवडा उरला होता. शनिवारी सकाळी मी आणि ती मुलगी अकोल्याच्या एसटीत बसलो. मी चिडलेलीच होते. बडनेरा गेल्यावर म्हटलं, दाखव तुझा अर्ज. अभ्यासाव्यतिरिक्त तुम्ही काय करता, यासाठी दहा जागा होत्या. तिने सगळ्या रिकाम्या सोडल्या होत्या.

"काहीच करत नाहीस?"

"काही नाही मॅडम. घरचं काम असते."

"घरचं म्हणजे काय?"

हळूहळू निघालं. सकाळी मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधणं वगैरे होतंच. पण त्यांच्या विहिरीचं पाणी खारवट, त्याने ठिबकच्या नळ्या आतून चुन्याने बुजायच्या. ही नळ्यांत ॲसिड सोडून त्या साफ करायची. आधी बादलीत थोड्या पाण्यावर करून बघायची, किती घातलं की पुरे होतं ते वहीत लिहायची. गावातली पाच-सहा घरं आता हिलाच बोलवत होती.

"किती झालं हे कशावरून ठरवतेस?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "लिटमस पेपरनं."

"तो कुठून आणतेस?"

"लॅबमधून, मॅडम."

माझ्या लॅबमधून! दोन वर्षं मी त्या कागदांच्या नावाने शिपायाला बोलत होते. "आणि हे तू अर्जात लिहिलं नाहीस?"

"ते काम हाय मॅडम. ॲक्टिव्हिटी कुठं हाय?"

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तिच्याकडून त्या रिकाम्या जागांतली पहिली भरून घेतली.

अकोल्यात बडेबाबू घरी नव्हते. बाळापूरला एका साखरपुड्याला गेलेले. त्यांच्या बायकोने पोहे दिले, चहा दिला, पुन्हा चहा दिला. दोनच्या सुमारास ते आले, हातपाय धुतले, चष्मा लावला आणि पत्र दोनदा वाचलं.

"यावर जावक नंबर कुठं हाय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, प्राचार्यांची सही आहे, शिक्का आहे, मी स्वतः समोर बसले आहे. तुम्ही मला पंधरा वर्षं ओळखता!"

"ओळखतो ना. पन जावक नंबराबिगर हे पत्र निघालंच नाही, मॅडम. कागदावर तुमी इथं आल्याच नाही."

मी पर्स उचलली. खरंच उठले. आणि तेव्हा ती, वर्गात कधी तोंड न उघडणारी, बोलली.

"काका, थांबा." तिने पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. "नंबर पाह्यजे ना तुमाले? देते."

तिने कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला. बाबू जेवायला बसले होते. "सर, डबा बाजूले ठेवा अन् जावक रजिस्टर काढा," ती म्हणाली. पत्रातला मजकूर तिने सावकाश सांगितला, त्यांनी रजिस्टरात चढवला, नंबर दिला. तिने तो पत्राच्या डाव्या कोपऱ्यात लिहिला, खाली तारीख टाकली आणि कागद बडेबाबूंच्या समोर ठेवला. "आता आल्या का मॅडम इथं?"

बडेबाबूंनी नंबर बघितला. "आता ठीक हाय," म्हणाले आणि खिशातून मोबाईल काढला. पहिला ओटीपी ते एकेक आकडा मोठ्याने वाचेपर्यंत बाद झाला. दुसरा लागला.

तिच्या फोनवर कॉलेजची मेलपेटी उघडली तर शेकडो न वाचलेले मेल. खाली सरकताना ती थांबली. तीन वर्षांपूर्वीचा एक मेल होता, असल्याच एका विद्यापीठाचा. आमच्या एका विद्यार्थ्याची कागदपत्रं मागणारा. त्याच्यावर आठवण, दुसरी आठवण, मग अंतिम सूचना. एकही उघडलेला नव्हता; तेव्हा ही पेटी बडेबाबूच सांभाळत. त्या मुलाचा चेहरा मला आठवला. तो असा अर्ज करतोय हे मला कधी कळलंच नव्हतं.

मी फोन बडेबाबूंपुढे धरला. त्यांनी चष्मा सारखा करून बघितलं. "मले वाटलं जाहिरात असन," ते म्हणाले. मला खूप काही बोलायचं होतं. पण त्या वर्षी मीही कॉलेजातच होते, आणि मीही कोणाला काही विचारलं नव्हतं.

सोमवारी मी पहिलं पत्र फाडून नवं लिहिलं. ठिबकच्या नळ्या लिहिल्या, जावक नंबराचा प्रसंग लिहिला. लिटमसची चोरी वगळली. तीन शब्दांच्या जागेवर या वेळी अडले नाही. सगळं कॉलेजच्या पत्त्यावरून पाठवलं.

मार्चअखेर पाच नकार आले, सगळे अतिशय गोड भाषेत. सहावा होकार होता, पूर्ण खर्चासकट. स्टाफरूममध्ये सांगितलं तर पहिला प्रश्न, "कोणतं म्हणे? नाव नाही ऐकलं कधी." ज्या दोघांनी पत्र द्यायला नकार दिला होता, त्यातले एक म्हणाले, "मोठ्यातलं नाही लागलं म्हणजे." मी हातातला खडू टेबलावर आपटला आणि वर्गावर गेले.

निघण्याच्या आधी तिची आई माझ्या घरी आली. पिशवीभर वांगी आणि मेथी घेऊन. पिशवी ओट्यावर रिकामी केली, मग म्हणाली, "मॅडम, चार वर्षं म्हणजे चार वर्षं येनारच नाही का थे?"

"येते ना! उन्हाळ्याच्या सुट्टीत येते," मी ठोकून दिलं.

ती गेल्यावर मी अमेरिकेतल्या कॉलेजचं होकाराचं पत्र पुन्हा काढलं. राहणं, जेवण, पुस्तकं, विमा, सगळं होतं. घरी येण्या-जाण्याच्या तिकिटाबद्दल एक ओळ नव्हती. मी चिडून त्यांना मेल लिहिला. उत्तर आलं, फार सभ्य: तशी तरतूद नाही.

तिला जाऊन दोन उन्हाळे झाले. ती अजून आलेली नाही.