तीन बटणं

आमच्या कॉलेजातले एक सर हौशी ट्रम्पेटवादक आहेत. रविवारी ते आपली जुनी स्कूटर किक मारून सुरू करतात, मग ट्रम्पेट वाजवतात. "जुनी वस्तू वापरली तरच जगते," असं ते म्हणाले, म्हणून मी बाबांचा ट्रम्पेट त्यांना दिला. दम लागतो म्हणून बाबांनी बँडपथक सोडलं होतं.

काल सरांच्या घरी तो ट्रम्पेट एका टोपलीत दिसला, तिन्ही बटणं काढलेला.

"अरे, माझ्या विलायती ट्रम्पेटला हीच बसली! स्कूटरलाही मी असेच पार्ट मिळवतो," सर आनंदाने म्हणाले.

सरांचं जुन्यावरचं प्रेम खोटं नसावं. पण कुठलं जुनं जपायचं आणि कुठलं सुटं करायचं, हे आम्हाला कुणी विचारत नाही.

घरी बाबांनी विचारलं, "वाजवतात ना रे?"

"वाजवतात."

बाबांची तीन बोटं मांडीवर हलू लागली.