सतरा करदोडे

दोन हजार चोवीस साल, मी सत्त्याहत्तर वर्षांचा. तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस इतक्या वर्षांनी परत शाळेत गेलो. तेही अंगणवाडीत, आणि तेही न बोलावता.

मांडवगण फराट्याजवळच्या आमच्या वस्तीवर अंगणवाडी आहे. तिथल्या बाईंनी पाटीएवढ्या फळीवर खिळे ठोकले होते आणि पोरं त्यांना रंगीत लोकर गुंडाळत होती. मी दारातनंच म्हटलं, "बाई, पोराला दहा बोटं असताना खिळं कशाला लागत्यात?"

"मग तुम्हीच शिकवा, आबा."

त्या चिडून बोलल्या होत्या. मी ते खरं धरलं आणि आत जाऊन बसलो. गुरांमागं असताना आम्ही बोटांवर दोऱ्याची बाज विणायचो. समोरच्यानं चिमटीत धरून उचलली की तिची चाळण व्हायची, पुन्हा उचलली की पाळणा. ही विद्या आता गावात माझ्या एकट्याच्या बोटांत उरली होती, आणि ती सोबत घेऊन मरायची माझी तयारी नव्हती.

बाई म्हणाल्या, "आठ दिवस बघू. पण एका जरी आईची तक्रार आली, तर तुमचं येणं बंद."

चार दिवस त्या लोकरीनं छळलं. ताणली की लांबायची, सोडली की पीळ पडायचा. पोरांच्या बोटांवर बाज म्हणून जे व्हायचं ते झोळीसारखं लोंबायचं. पाचव्या दिवशी मी माझ्या कमरेचा करदोडा सोडला. काळा, घट्ट पिळाचा. बाज कशी ताठ बसली! एका पोरीनं लगेच फ्रॉक वर केला. "आबा, माझ्याकडं बी हाय."

करदोडा नाही असं पोर आमच्याकडं सापडायचं नाही. एकाचा अपुरा पडायचा, म्हणून दोघांचे दोन जोडून एक वेढा केला. बाई खिचडी वाटण्याच्या गडबडीत होत्या. दुपारपर्यंत पोरं बाज काय, चाळणही करायला लागली. सुटी झाली तेव्हा कुणाचा दोरा कुठला, मलाही कळेना. सगळे खिशात कोंबले आणि पोरं तशीच घरी पाठवली.

करदोडा कमरेवरनं उतरतो तो बाप मेल्यावर. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. खेळाच्या भरात आठवलं नाही, एवढंच.

तासाभरात आया अंगणवाडीच्या दारात; मी अजून आतच बसलेलो. सगळ्यांच्या पुढं त्या फ्रॉकवालीची आई. "आबा, हिचा बाप जित्ता हाय अजून! ऊस भरायला गेलाय!"

"मग मी कुठं मारला त्याला?"

"सतरा पोरांचं करदोडं काढलं तुम्ही!"

"माझा धरून अठरा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला दार दाखवलं. मी उठलो नाही. खिशातला एक वेढा काढला, बाज केली आणि त्या आईपुढं धरली. "भांड पोरी, पर आधी ही उचल."

"मला न्हाई येत," म्हणता म्हणता तिनं दोन्ही चिमट्या घातल्या आणि खालनं वर काढल्या. चाळण!

"अगं, पाळणा कर, पाळणा!" मागची ओरडली.

"गप, येतंय मला."

तिघींनी मिळून पाळण्याचा गुंता केला आणि एकमेकींवर ढकलला. विद्या माझ्या एकट्याची नव्हती, हे तिथंच उघडं पडलं. मी ते कबूल केलं नाही.

शेवटी बाईंनी निकाल दिला. "हे दोरे आता खेळायलाच राहतील. नवे करदोडे आबा आणतील आणि स्वतः बांधतील. मगच वर्गात बसतील."

माफी मागा असं कुणी म्हणालं नाही, ते बरं झालं. मी मागितली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं दौंड गाठलं. दुकानात सतरा बारके आणि एक मोठा करदोडा मागितला. दुकानदार चष्म्यावरनं बघत म्हणाला, "आबा, एवढी नातवंडं?"

"व्हय," मी म्हटलं. "आन् सगळी माझ्यावर गेलीत."