हिरवा दिवा आणि नऊ पेट्या

दोन्ही पेट्या टेबलावर होत्या आणि दोन्हींवर हिरवा दिवा होता. मी एक हलवली की दुसरी लगेच बीप करत होती. दोष कुठेच दिसत नव्हता.

तरी आधीच्या रविवारी याच पेट्या लावलेली दोन ग्लायडर्स हवेत इतकी जवळून गेली, की सायली या शिकाऊ पायलटला समोरच्या शेपटीवरची अक्षरं वाचता आली. एकही पेटी वेळेत वाजली नाही.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ही पेटी रेडिओवरून आपली जागा इतरांना कळवते आणि कोणी फार जवळ आलं की वाजते. तिचं सॉफ्टवेअर मुदतीत अपडेट केलं नाही, तर ती स्वतःहून बंद पडते. म्हणून मी ग्लायडिंग क्लबच्या नऊही पेट्या भाईंदर पूर्वेतल्या आमच्या दुरुस्तीच्या गाळ्यात एका दुपारी अपडेट केल्या होत्या. स्टिकरवर सही माझी होती. क्लबमध्ये आठवडाभर अपडेटलाच शिव्या बसत होत्या.

आग्नेल अंकल आमच्याकडचे जुने टेक्निशियन, भाईंदरजवळच्या डोंगरी गावचे. ते बराच वेळ बघत होते.

"एका टेबलावर हायत, बाय. कुजबुजल्या तरी ऐकू जाईल. लांब ठेवून न्हाय बघितल्यास."

आम्ही जवळच्याच मुर्धा गावाला गेलो. जुन्या मिठागराचा बांध सरळ आहे, मध्ये आडकाठी नाही. अंकल एक पेटी आणि बॅटरी घेऊन टोकाला बसले. दुसरी घेऊन मी चालत निघाले. दोनशे पावलांवर त्यांची पेटी माझ्या पेटीच्या स्क्रीनवरून गेली. ती दोन-तीन किलोमीटरवरून दिसायला हवी होती. अँटेना बदलून पाहिली. तेच.

मी परत आल्यावर अंकलनी एकच प्रश्न विचारला. "अपडेटच्या वेळी अँटेना होती ना?"

नव्हती. उभ्या अँटेनामुळे पेट्या टेबलावर कलंडत होत्या, म्हणून मी नऊही काढून ठेवल्या होत्या. अपडेट झालं की पेटी स्वतःच पुन्हा सुरू होते आणि संदेश पाठवू लागते. अँटेना नसेल तर संदेशाची शक्ती बाहेर न जाता उलटी फिरते आणि ट्रान्समीटर, म्हणजे संदेश पाठवणारा भाग, जाळून दुबळा करते. या धंद्यातला हा पहिला धडा. तो मी दुसऱ्यांना शिकवते.

मी बांधावरच बसले. तिथूनच फोन लावला.

क्लबचे मुख्य प्रशिक्षक असलेल्या राऊत सरांना म्हटलं, "सर, कोणी हवेत आहे का?"

"तीन. सायलीही आहे."

"सगळ्यांना उतरवा."

त्यांनी कारण विचारलं नाही. फोन चालूच होता. ते रेडिओवर एकेकाला खाली बोलावत होते, ते मला ऐकू येत होतं. शेवटचं चाक जमिनीला लागल्यावर ते म्हणाले, "म्हणजे अपडेटच खराब निघालं."

हो म्हटलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं.

"नाही सर. अपडेट ठीक आहे. मी ते अँटेना काढून केलं."

ते म्हणाले, "लिहून द्या."

त्याच संध्याकाळी लिहून दिलं. नऊपैकी सात ट्रान्समीटर बदलावे लागले. पुढच्या अपडेटचं काम क्लबने दुसरीकडे दिलं. त्यानंतरचं परत आमच्याकडे आलं, एका अटीवर: प्रत्येक पेटीची चाचणी मुर्ध्याच्या बांधावर, आणि सह्या दोन.

हिरवा दिवा एवढंच सांगतो, की पेटीच्या मते तिचं बरं चाललंय. तिचं कोणाला ऐकू जातं का, हे लांब उभ्या असलेल्यालाच विचारावं लागतं.